अली अकबर देहखोदा: इराणच्या राजकीय उपहासकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फारसी साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे हाफिज, सादी, उमर खय्याम या नावांपलीकडे बोलणं सहसा जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेहरानच्या एका साप्ताहिकात साध्या बोलीभाषेत लिहून शहाची झोप उडवणारा माणूस आपल्याला ठाऊकच नसतो. ज्यांना ठाऊक असतो त्यांनाही तो शब्दकोशवाला म्हणूनच. अली अकबर देहखोदा यांच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

देहखोदा कोण होते, अगदी थोडक्यात?

१८७९च्या सुमारास तेहरानमध्ये जन्मलेले आणि १९५६ साली तिथेच वारलेले पत्रकार, कवी, मजलिसचे म्हणजे इराणच्या संसदेचे सदस्य आणि कोशकार. ‘लुगतनामा’ या प्रचंड फारसी शब्दकोशामुळे आज इराणमध्ये त्यांचं नाव घरोघरी माहीत आहे. पण त्याआधी, वयाच्या तिशीच्या आत, त्यांनी ‘सूर-ए-इस्राफील’ या साप्ताहिकात ‘चरंद-ओ-परंद’ नावाचं सदर चालवलं. आधुनिक फारसी राजकीय उपहासाची सुरुवात बहुतेक अभ्यासक या सदरापासून मानतात. चरंद-ओ-परंद म्हणजे वायफळ बडबड.

त्यांचं बालपण आणि शिक्षण कसं झालं?

घराणं मूळचं कझवीनचं. वडील थोडीफार जमीनजुमला राखून असलेले, पण मुलगा दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास ते वारले आणि घराची आर्थिक घडी विस्कटली. आईने मुलाला वाढवलं. शेख गुलामहुसेन बुरुजर्दी या विद्वानाकडे त्यांनी अरबी आणि पारंपरिक विद्या शिकल्या. शेजारी राहणारे शेख हादी नज्माबादी हे मोकळ्या विचारांचे धर्मपंडित होते. त्यांच्याकडे सगळ्या पंथांची, सगळ्या थरांची माणसं येत. लहान देहखोदांचा तिथे बराच वावर असे आणि तिथे कानावर पडलेलं आयुष्यभर पुरलं.

पुढे तेहरानला राज्यशास्त्राची शाळा निघाली, तिच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत ते होते. फ्रेंच तिथेच पक्की झाली. त्यानंतर एका राजनैतिक अधिकाऱ्याचे सचिव म्हणून ते बाल्कन प्रदेशात गेले आणि युरोपात दोनेक वर्षं राहिले. परतले तेव्हा देशात राज्यघटनेसाठीची चळवळ पेटलेली होती.

ही चळवळ नेमकी कशासाठी होती?

शहाच्या मनमानीला कायद्याचा लगाम हवा, निवडून आलेली मजलिस हवी, यासाठी. व्यापारी, कारागीर, काही धर्मगुरू आणि नव्या शिक्षणातून आलेले तरुण असे सगळे एकत्र आले. ऑगस्ट १९०६ मध्ये मुझफ्फरुद्दीन शहाने फर्मान काढलं आणि मजलिस बसली. जानेवारी १९०७ मध्ये तो वारला. गादीवर आलेल्या मुहम्मद अली शहाला मजलिस मनातून नको होती. त्यातच ऑगस्ट १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशिया यांनी आपसात करार करून इराणचे प्रभावक्षेत्र म्हणून तुकडे पाडले, तेही इराणला न विचारता. देहखोदांचं सगळं महत्त्वाचं उपहासलेखन या वर्ष-दीड वर्षाच्या धगधगत्या काळातलं आहे.

‘सूर-ए-इस्राफील’ हे काय होतं?

मीर्झा जहांगीर खान शिराझी आणि कासिम खान तबरीझी यांनी ३० मे १९०७ रोजी सुरू केलेलं साप्ताहिक. देहखोदा त्याचे मुख्य लेखक. इस्राफील हा प्रलयाच्या दिवशी तुतारी फुंकून मेलेल्यांना उठवणारा देवदूत. अंकाच्या डोक्यावर त्याचंच चित्र असे, आणि सोबत ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ ही घोषणा. अंक फक्त आठ पानांचा. पुढची पानं गंभीर अग्रलेखांची, मजलिसच्या बातम्यांची, शेवटी चरंद-ओ-परंद.

वाचता येणारे लोक तेव्हा थोडे होते. पण कहवाखान्यांत वर्तमानपत्रं मोठ्याने वाचून दाखवली जात, त्यामुळे ऐकणारे पुष्कळ. देहखोदा ऐकणाऱ्यासाठी लिहीत होते, हे त्यांचं कुठलंही पान मोठ्याने वाचलं की लगेच कळतं. वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत, मध्येच शपथा, मध्येच म्हणी, मध्येच ‘बरं का भाऊ’ या धर्तीचं बोलणं. त्या काळचं दरबारी फारसी गद्य इतकं जडजंबाळ होतं की पानभर वाचूनही मुद्दा सापडत नसे. त्याच्या शेजारी हे सदर ठेवलं की केवढी मोठी उडी होती ते दिसतं.

चरंद-ओ-परंदमध्ये असायचं तरी काय?

पहिल्याच अंकातला लेख घ्या. दखो नावाचा इसम सांगतो की बरीच वर्षं देशोदेशी हिंडून, किमया वगैरे विद्या शिकून आपल्याला एक मोठा शोध लागला आहे: अफूचं व्यसन सोडण्याचा उपाय. इतका मोठा शोध युरोपात कुणी लावला असता तर त्याला पदव्या मिळाल्या असत्या, इथे मात्र कुणाला कदर नाही, अशी तक्रारही तो करतो. उपाय काय? रोज अफू गव्हाच्या एका दाण्याएवढी कमी करायची आणि मॉर्फिन दोन दाण्यांएवढं वाढवायचं. ओढणारा असेल तर त्याने हळूहळू चरसावर यायचं. म्हणजे अफू सुटलीच!

इथवर वाचक हसतो. मग दखो सहज म्हणाल्यासारखं म्हणतो की आपल्या थोर कारभाऱ्यांनाही लोकांची एखादी सवय मोडायची असली की ते हेच करतात. गरिबांना गव्हाची भाकरी परवडत नाही, बिचारे जन्मभर गहू पिकवतात आणि उपाशी राहतात, तेव्हा त्यांची ती सवयच सोडवलेली बरी. मग पहिल्या दिवशी शुद्ध गव्हाची भाकरी द्यायची. दुसऱ्या दिवशी शंभर मण गव्हात एक मण जव, भुसा, गवत, वाळू, ढेकळं. शंभर मणांत एक मण कुणाला कळणार? तिसऱ्या दिवशी दोन मण. शंभर दिवसांनी शंभर मण गव्हाच्या जागी शंभर मण माती-भुसा झालेला असतो, कुणाच्या लक्षातही येत नाही आणि गहू खाण्याची सवय सुटते.

भाकरीतली भेसळ हा तेव्हाच्या इराणमधला खरा, पोटाला चिमटा काढणारा प्रश्न होता. साठेबाज जमीनदार आणि त्यांना सामील असलेले सुभेदार यांच्यावर देहखोदांनी एकही शिवी दिली नाही. फक्त त्यांचा हिशेब मांडून दाखवला. एकेक मण वाढत जातो तसा ऐकणाऱ्याचा राग वाढत जातो, आणि लेखक मात्र शेवटपर्यंत भोळाच राहतो. माझ्या मते त्यांच्या लेखनाची सगळी ताकद या एका पानात सापडते.

पुढच्या अंकांत कधी गावाकडून आलेली पत्रं, कधी त्यांना दिलेली उत्तरं, कधी कविता, कधी तारेने आलेल्या खोट्या बातम्या. लाचखाऊ अधिकारी, धर्माच्या नावावर पोट भरणारे, अंधश्रद्धेपायी मुलांच्या जिवाशी खेळणारी घरं, परदेशी वकिलातींच्या पायऱ्या झिजवणारे सरदार, सगळ्यांचा समाचार घेतला जाई. मजलिसच्या सभासदांनाही सवलत नव्हती. ज्या संस्थेसाठी ते लढत होते तिच्या सुस्तीवरही त्यांनी लिहिलं, आणि तेच लेखन जास्त धारदार उतरलं आहे.

दखो हे नाव कुठून आलं?

कझवीनच्या बोलीत गावच्या पाटलाला दखो म्हणत. लोककथांमध्ये हा दखो भोळसट, पण बोलता बोलता वर्मावर बोट ठेवणारा. देहखोदांनी हा मुखवटा घेतला, आणि त्यांना पत्र लिहिणारी पात्रं त्यांना ‘कब्लाई दखो’ म्हणू लागली, म्हणजे करबलेची यात्रा करून आलेले दखोबा. याखेरीज ‘खरमगस’ म्हणजे गोमाशी, ‘खादिमुल फुकरा’ म्हणजे गरिबांचा सेवक, अशी आणखीही टोपणनावं होती. पुष्कळदा एकाच अंकात ही पात्रं एकमेकांशी वाद घालतात. लिहिणारा हात एकच, पण वाचकाला वाटावं की गाव जमलंय.

कूचानच्या मुलींचं प्रकरण काय होतं?

इराणच्या ईशान्येला खुरासानमध्ये कूचान नावाचा भाग आहे. १९०५ मध्ये पीक बुडालेलं असतानाही तिथल्या शेतकऱ्यांकडून सक्तीने कर वसूल केला गेला आणि तो भरण्यासाठी अनेकांना पोटच्या मुली तुर्कमेन व्यापाऱ्यांना विकाव्या लागल्या. मजलिस बसल्यावर चौकशीची मागणी झाली, खुरासानचा माजी सुभेदार आसिफुद्दौला याच्यासह संबंधितांवर खटला चालला. पण शिक्षा म्हणावी असं फारसं काही हाती लागलं नाही.

देहखोदांनी या मुलींच्या तोंडी एक गाणं घातलं. चाल अगदी साध्या लोकगीताची, ‘सतरा, अठरा, एकोणीस, वीस’ असे आकडे मोजत जाणारी, आणि मध्ये मध्ये येणारी ओळ अशी की देवा, आमचा विचार करणारं कुणीच नाही. पोरी खेळताना म्हणतील अशा ठेक्यात विकल्या गेलेल्या पोरींचं दुःख. हे गाणं वाचून हसू येत नाही. उपहासकाराने सतत हसवलंच पाहिजे असं देहखोदा मानत नव्हते, हे इथे स्पष्ट दिसतं.

त्यांची आई आणि बाळाची कविता प्रसिद्ध आहे, ती कोणती?

तिचं नाव ‘पुढारी आणि जनता’ अशा अर्थाचं आहे. कवितेत आई बाळाला गप्प करते आहे. बाळ जागं झालं, आता काय करू, असं म्हणत ती त्याला भीती घालते: झोप, एक डोकं आणि दोन कान असलेला आला बघ! रडू नकोस, बागुलबुवा येऊन खाईल. बाळ म्हणतं भूक लागली. आई म्हणते, फुटायची वेळ आली, एवढं खाल्लंस ते कमी पडलं का? बाळ म्हणतं जीव चाललाय. आई म्हणते रडू नकोस, उद्या देते. बाळाचे हात गार पडतात, रंग पिवळा होतो, डोळे फिरतात, तेव्हा कुठे आई घाबरते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मराठी वाचकाला ही अंगाई समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या आयाही बागुलबुवाची भीती घालून मुलांना झोपवत आल्या आहेत. विशेष हे की देहखोदांनी पुढाऱ्यांना राक्षस केलेलं नाही. आईला बाळ मारायचं नाहीये, ती फक्त वेळ मारून नेते आहे. मजलिसमधल्या टाळाटाळीवर इतकी जिव्हारी लागणारी टीका दुसऱ्या कुणी केलेली मला माहीत नाही.

धर्मगुरूंचा विरोध झाला का?

झाला, आणि जोरात झाला. चळवळीत काही धर्मगुरू आघाडीवर होते हे खरं, पण दुसरा एक गट राज्यघटनेलाच धर्मबाह्य ठरवत होता. सूर-ए-इस्राफीलमधल्या लेखांवरून देहखोदांना काफीर म्हटलं गेलं, पत्र काही वेळा बंदही पडलं. देहखोदांचा रोख श्रद्धेवर नव्हता, श्रद्धेच्या दुकानदारीवर होता. तसं ते लेखनातून दाखवत राहिले. आणि त्यांचं पारंपरिक शिक्षण इतकं पक्कं होतं की धर्मग्रंथांच्या आधाराने वाद घालायलाही ते कमी पडत नसत.

कुणाचा प्रभाव त्यांच्यावर होता?

१९०६ पासून तिफ्लिसहून (आजचं तिबिलिसी) जलील मम्मदगुलूजादे ‘मुल्ला नसरुद्दीन’ हे अझरबैजानी भाषेतलं सचित्र उपहासात्मक साप्ताहिक काढत होते. ते इराणमध्ये चोरीछुपे पोहोचत असे आणि देहखोदांना त्याची चांगली ओळख होती. फारसीतलीच परंपरा बघायची तर चौदाव्या शतकातल्या उबेद झाकानीपर्यंत मागे जावं लागतं. तोही कझवीन परिसरातलाच. पण थेट बाजारातल्या माणसाच्या तोंडची भाषा छापील पानावर आणण्याचं धाडस देहखोदांचं स्वतःचं.

१९०८च्या जूनमध्ये काय घडलं?

२३ जून १९०८ रोजी मुहम्मद अली शहाच्या हुकमाने कर्नल ल्याखोव्ह या रशियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कोसॅक पलटणीने मजलिसवर तोफा डागल्या. सूर-ए-इस्राफीलचा ३२ वा अंक निघून थोडेच दिवस झाले होते. जहांगीर खान आणि प्रसिद्ध वक्ते मलिकुल मुतकल्लिमीन यांना पकडून शहाच्या छावणीत, बाग-ए-शाहमध्ये नेलं आणि दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, ठार मारलं. देहखोदांनी इतर काही जणांबरोबर ब्रिटिश वकिलातीत आसरा घेतला, म्हणून ते वाचले. पुढे त्यांना देशाबाहेर जावं लागलं.

ही तारीख मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. त्याच २४ जून १९०८ रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांसाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. वक्रोक्तीने लिहिणारे ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना त्याच महिन्यात, काही दिवस आधी पकडलं होतं. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, राजवटीही वेगळ्या. पण त्या उन्हाळ्यात तेहरानमध्ये आणि पुण्या-मुंबईत सत्तेला एकाच गोष्टीची धास्ती होती: आठ पानी वर्तमानपत्राची. देहखोदा समजून घ्यायचे तर ‘काळ’चे जुने अंक चाळलेल्या मराठी माणसाला इतरांपेक्षा कमी कष्ट पडतील, असं मला मनापासून वाटतं.

परदेशात त्यांनी काय केलं?

हालअपेष्टा काढल्या आणि पत्र पुन्हा काढलं. पॅरिसमध्ये विद्वान संशोधक मुहम्मद कझवीनी यांच्या आधाराने ते काही काळ राहिले. मग स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दों या गावाचा पत्ता देऊन जानेवारी ते मार्च १९०९ या काळात सूर-ए-इस्राफीलचे तीन अंक निघाले. त्यानंतर ते इस्तंबूलला गेले आणि तिथल्या इराणी मंडळींबरोबर ‘सुरूश’ हे पत्र चालवलं.

इव्हर्दोंच्या तिसऱ्या अंकात त्यांची सर्वात गाजलेली कविता आली. देहखोदांनीच नंतर सांगितलेली हकिकत अशी: एका रात्री जहांगीर खान पांढऱ्या कपड्यांत स्वप्नात आले आणि म्हणाले, ‘तो तरुणपणी पडला, असं का नाही म्हणालास?’ जाग आली तेव्हा देहखोदांच्या मनात एक ओळ तयार होती: ‘याद आर ज़ शम्-ए-मुर्दे याद आर’, विझलेल्या दिव्याची आठवण ठेव. उरलेली कविता त्या ओळीभोवती उभी राहिली. ती पहाटेच्या पक्ष्याला उद्देशून आहे. रात्र संपेल, फुलं उमलतील, तेव्हा जो हे बघायला राहिला नाही त्याला विसरू नकोस, असं ती सांगते. तिची कडव्यांची बांधणी फारसीत तेव्हा नवी होती, म्हणून आधुनिक फारसी कवितेच्या इतिहासातही तिला जागा आहे. बोलीभाषेत सगळ्यांची फिरकी घेणारा माणूस मित्रासाठी इतकं शांत, शुद्ध लिहितो, हे दोन्ही एकत्र वाचावं.

परत आल्यावर ते राजकारणात गेले का?

जुलै १९०९ मध्ये गीलान आणि बख्तियारी भागातल्या फौजांनी तेहरान घेतलं, मुहम्मद अली शहा पदच्युत झाला आणि त्याचा लहान मुलगा अहमद गादीवर बसला. देहखोदा दुसऱ्या मजलिसवर निवडून आले. या मजलिसमध्ये ते जहाल गटात न जाता मवाळांबरोबर राहिले. चरंद-ओ-परंद वाचून त्यांना पेटता क्रांतिकारक समजणाऱ्यांना याचं नवल वाटतं. पण त्यांच्या लेखनातही तोडफोडीपेक्षा कायद्याची मागणी जास्त आहे.

पहिल्या महायुद्धात परकी फौजा देशात शिरल्यावर तेहरान सोडून त्यांना बख्तियारी मुलखात आश्रय घ्यावा लागला. तिथल्या सक्तीच्या निवांतपणात शब्दकोशाची कल्पना रुजली. परतल्यावर सक्रिय राजकारण त्यांनी सोडलं. पुढे ते राज्यशास्त्राच्या शाळेचे आणि नंतर तेहरान विद्यापीठातल्या कायदा व राज्यशास्त्र शाखेचे प्रमुख झाले आणि १९४१ पर्यंत ते काम बघत राहिले.

त्यांनी उपहास का सोडला? घाबरले का?

हा प्रश्न इराणमध्येही विचारला जातो आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये.

रझा खान, म्हणजे १९२५ पासूनचा रझा शहा, याच्या काळात लेखणी चालवणं जिवावरचं होतं. कवी आणि पत्रकार मीर्झादे इश्की यांची १९२४ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. फर्रुखी यझदी १९३९ मध्ये तुरुंगात मेले. अशा काळात देहखोदा गप्प राहिले हे खरं आहे, आणि त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करणाऱ्यांचा राग मला समजतो.

पण कोश हाती घेणं म्हणजे माघार, हे मला पटत नाही. चरंद-ओ-परंदमध्ये ज्या न्हावी, हमाल, म्हाताऱ्या आज्या, गावठी मुल्ला बोलतात, त्यांचीच बोलणी देहखोदा पुढची चाळीस वर्षं टिपत राहिले. ‘अम्साल-ओ-हिकम’ हा त्यांचा म्हणी आणि वचनांचा चार खंडांचा संग्रह १९२९ ते १९३२च्या सुमारास निघाला. त्यात सादी-फिरदौसीच्या ओळींच्या पंगतीला बाजारातल्या म्हणी बसल्या आहेत, आणि कुणाचंही पान वेगळं वाढलेलं नाही. सर्वसामान्य माणूस काय बोलतो ते महत्त्वाचं आहे ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची श्रद्धा होती. साप्ताहिकात ती राजकारण होऊन आली, कोशात विद्या होऊन. आणि १९५० नंतर, म्हातारपणी, पुन्हा किंमत मोजायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती मोजली.

लुगतनामा हे काम किती मोठं आहे?

फारसीतला सर्वात मोठा कोश. शब्दार्थांबरोबर माणसं, गावं, ग्रंथ यांच्याही नोंदी, आणि अर्थाच्या पुष्टीसाठी जुन्या कवींच्या ओळी. देहखोदांनी हे सगळं कागदाच्या चिठ्ठ्यांवर हाताने उतरवलं. लाखो चिठ्ठ्या. त्यांनीच लिहून ठेवलंय की नवरोज, ईद, आशुरा कुठलाही दिवस न पाहता हे काम चालू होतं. ते थांबलं फक्त दोनदा आजारपणात काही दिवस आणि आई गेली तेव्हा दोन दिवस.

पहिला भाग १९३९ मध्ये छापला गेला. १९४०च्या दशकात मजलिसने खास कायदा करून छपाईचा खर्च सरकारवर घातला. देहखोदांनी सगळ्या चिठ्ठ्या देशाला देऊन टाकल्या. त्यांच्या हयातीत थोडेच भाग बाहेर आले. नंतर मुहम्मद मोईन आणि त्यांच्यामागून जाफर शहीदी यांनी सहकाऱ्यांसह काम पुढे नेलं आणि १९८०च्या सुमारास ते पुरं झालं. दोनशेच्या वर भाग, सव्वीस हजारांहून जास्त पानं. आपल्याकडे ज्ञानकोशकार केतकरांनी किंवा महाराष्ट्र शब्दकोशाच्या दाते-कर्वे मंडळींनी जे ओझं उचललं, त्या जातीचं हे काम आहे.

मोसद्देक यांच्याशी त्यांचा काय संबंध?

इराणचे पंतप्रधान डॉ. मुहम्मद मोसद्देक यांनी १९५१ मध्ये तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा सत्तरी ओलांडलेले देहखोदा उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या पाठबळाने मोसद्देक यांचं सरकार उलथवलं गेलं. त्यानंतर देहखोदांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागला आणि या वयात त्यांना बराच मनस्ताप सोसावा लागला. तब्येत त्यानंतर सावरली नाही.

शेवटच्या दिवसांत मोईन भेटायला गेले होते. अंथरुणावरचे देहखोदा फक्त एवढंच पुटपुटले, ‘के मपुर्स’, विचारू नकोस. मोईन यांनी विचारलं, हाफिजची ती गझल म्हणताय का? देहखोदांनी मान हलवली. मोईन यांनी गझल वाचून दाखवली. फेब्रुवारी १९५६ च्या अखेरीस देहखोदा गेले. तेहरानच्या दक्षिणेला, रय इथल्या इब्न बाबवैह कब्रस्तानात त्यांची कबर आहे.

त्यांच्यानंतर ही परंपरा कुणी चालवली?

आधी गद्याचं बोलू. मुहम्मद अली जमालजादे यांचा १९२१ मधला कथासंग्रह आधुनिक फारसी कथेची सुरुवात मानला जातो. त्याची बोलकी भाषा देहखोदांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरची आहे. जमालजादेंचे वडील हेही राज्यघटनेच्या बाजूचे नामांकित प्रवचनकार होते आणि तेही १९०८ मध्येच मारले गेले.

उपहासात ‘तौफीक’ हे साप्ताहिक १९२०च्या दशकापासून, मध्ये खंड पडत, १९७१ मध्ये बंद पाडलं जाईपर्यंत चाललं. इस्लामी क्रांतीनंतर क्यूमर्स साबेरी फूमनी यांनी १९८०च्या दशकात ‘इत्तिलाआत’ दैनिकात ‘गुल आगा’ या नावाने छोटं सदर सुरू केलं आणि १९९० मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. मंत्र्यांची व्यंगचित्रं छापणाऱ्या त्या अंकासाठी लोक वाट बघत. साबेरी यांना आपल्या चौकटीची जाणीव होती, ते तिच्या कडेकडेने चालत. इब्राहीम नबवी यांनी १९९०च्या अखेरीस सुधारणावादी वर्तमानपत्रांत जास्त थेट लिहिलं, त्यासाठी तुरुंगात गेले आणि नंतर देशाबाहेर राहिले. तीनही पिढ्यांत एक गोष्ट सारखी आहे: भोळ्या माणसाचा मुखवटा. तो देहखोदांनी छापील फारसीत आणला.

फारसी येत नसेल तर कुठून सुरुवात करावी?

इंग्रजी चालत असेल तर जॅनेट आफारी आणि जॉन पेरी यांनी केलेला चरंद-ओ-परंदचा अनुवाद येल विद्यापीठाने २०१६ मध्ये छापला आहे. प्रत्येक लेखाचे संदर्भ त्यात समजावलेले आहेत, आणि ते लागतातच. नाहीतर कोण सुभेदार, कुठला कर, हे कळत नाही आणि विनोद निसटतो. सुरुवात अफूच्या लेखापासून करावी, मग आई-बाळाची कविता, मग इव्हर्दोंमधली शोककविता.

फारसी शिकायची इच्छा असलेल्यांनी माधव जूलियन यांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश जवळ ठेवावा. देहखोदा चिठ्ठ्या लिहीत होते त्याच काळात पुण्यात हे काम झालं. लुगतनामा इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतो. देहखोदांच्या नावाची कोशसंस्था तेहरान विद्यापीठाखाली आजही चालते आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी फारसीचे वर्गही घेते.